पस्तीसपर्यंतची मोजणी

माझा आजार मी स्वतः कधी पाहिला नाही. तो यायचा तेव्हा मी झोपलेला असायचो, आणि मला जाग आली की तो गेलेला असायचा. पाहिला तो माझ्या बायकोने, मंदाने. एक-दोन दिवस नाही, अकरा वर्षं. त्यामुळे खरं तर हे तिनेच लिहायला हवं. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "मला गायांची धार काढायचीय. तुमीच लिव्हा. अन सोताला लई शाना दाखवू नका."

ती अट पाळून लिहितो.

आमची वस्ती मिरजगावच्या अलीकडे, हायवेपासून थोडी आत. सकाळी वस्त्यावस्त्यांवरून दुधाचे कॅन गोळा करायचे आणि शीतकरण केंद्रावर पोचवायचे, हा माझा धंदा. टेम्पो माझा आणि ड्रायव्हरही मीच. त्याआधी, वजन शंभराच्या आत होतं तेव्हा, मी कुस्त्या करायचो. जत्रेच्या हगाम्यात शेवटच्या कुस्तीपर्यंत पोचलेला माणूस आहे मी. कुस्ती सुटली तरी खुराक सुटला नाही, आणि गावाने 'पैलवान' म्हणायचंही सोडलं नाही. अठरा इंचांची मान, मोडलेले कान आणि लालबुंद चेहरा. त्या लाल रंगाचं लोकांना फार कौतुक. म्हातारी माणसं आपल्या नातवंडांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "असं रगत पायजे अंगात."

माझं घोरणंही गावात प्रसिद्ध होतं. लग्नाच्या वऱ्हाडात मला वेगळी खोली मिळायची, ती मानाची नसायची. पण त्याचाही मला अभिमानच. गाढ झोप लागते, अंगात ताकद आहे, म्हणून माणूस घोरतो अशी माझी ठाम समजूत.

सत्कार

गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. माईक माझ्या धाकट्या भावाकडे, बबनकडे. बबनच्या हातात माईक आला की उचलली जीभ, लावली टाळ्याला. रक्त देण्याआधी बोट टोचून रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, मोजतात. आमच्याकडे बऱ्याच बायका तिथूनच परत जातात, कारण रक्त कमी भरतं. माझी पाळी आली. टेबलावरच्या मुलीने बोट टोचलं, मशीनकडे पाहिलं, दुसरं बोट टोचलं, पुन्हा पाहिलं.

"काका, साडेएकोणीस आहे. तुमचं रक्त घेता येणार नाही. डॉक्टरांना दाखवून घ्या."

बबन माझ्या मागेच उभा होता. त्याने वाक्यातला आकडा तेवढा उचलला.

"गावकऱ्यांनो, ऐका! आपल्या पैलवानाचं रगत साडेएकोनीस! मशीन दोनदा लावलं, तरी तेवढंच! ह्याला म्हंत्यात घरचं दूध-तूप!"

टाळ्या पडल्या. सरपंच मांडवातच होते. दुसऱ्या कुणासाठी आणलेली शाल होती, ती माझ्या खांद्यावर आली, हातात नारळ आला, फोटो निघाला. आता हसू येतं, पण त्या दिवशी कुणालाच काही चुकतंय असं वाटलं नाही. आमच्या भागात रक्त कमी असणं हा आजार सगळ्यांना माहीत. जास्त असणं हाही आजार असू शकतो, हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. आजाराचा शाल-नारळ देऊन सत्कार झालेला जिल्ह्यातला मी एकटाच असेन.

बायकांच्या बाजूला मंदा बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "ती पोरगी डॉक्टरला दाखवा म्हनली. ते न्हाई आलं माईकवर."

मी म्हणालो, "तुला माझं चांगलं बघवत नाही का?"

फोटो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला.

ज्वारीत टेम्पो

आता मागे वळून बघताना सगळं दिसतं. सकाळी उठलो की डोकं ठणकायचं. ते चहाने जातं म्हणून चहा. दुपारी बसल्या जागी डोळा लागायचा. एका लग्नात पंगतीला बसलो होतो, वाढपी जिलेबी घेऊन समोर उभा, आणि मी पानावरच झोपलो. लोक हसले, मीही हसलो. मंदा रोज सांगायची, "अहो, झोपेत तुमचा दम थांबतोय." मी म्हणायचो, "थांबला असता तर उठलो असतो का?" हे माझं उत्तर मला फार बिनतोड वाटायचं.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचे नऊ-साडेनऊ, ऊन चांगलं वर आलेलं, टेम्पोत भरलेले कॅन. रस्ता सरळ आणि मोकळा. पुढचं मला आठवतं ते असं, की समोरच्या काचेवर ज्वारीची ताटं आपटतायत आणि मागे कॅन एकमेकांवर कोसळतायत. ब्रेक दाबला. टेम्पो रस्ता सोडून शेतात पन्नास-साठ पावलं आत गेला होता. खाली उतरलो तर दूध फाळक्यातून गळून काळ्या मातीत मुरत होतं. ज्या जागेवरून टेम्पो रस्त्याखाली उतरला, तिथून थोडं पुढे शाळेच्या जीपची वाट बघत चार मुली उभ्या होत्या. त्या माझ्याकडे टकामका बघत होत्या.

त्या मुली मी अजून विसरलेलो नाही.  

गावात कुजबुज झाली, पैलवान सकाळीच घ्यायला लागला की काय. मी कधी थेंबाला शिवलेलो नाही, पण कुणाकुणाचं तोंड धरणार? आणि खरं कारण माझं मलाच माहीत नव्हतं.

चारच दिवसांनी चहा पिताना डाव्या हातातला कप आपोआप खाली पडला. हात होता, पण माझा नसल्यासारखा. दहा मिनिटांनी मुंग्या येऊन पुन्हा जागेवर आला. मी म्हणालो, अवघडला असेल. मंदाने ऐकून घेतलं नाही. बबनला टेम्पो काढायला लावला आणि मला मध्ये बसवून तशीच नगरला निघाली. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं.

नगरचा दवाखाना

दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूला इजा नव्हती, पण हा इशारा होता, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. मग रक्ताचा रिपोर्ट आला. साडेएकोणीस. मी जरा ताठ बसलो.

"हे फार आहे. सतराच्या आत हवं. रक्त दाट झालंय," ते म्हणाले. "आधी थोडं काढून टाकू."

एक पिशवी रक्त काढलं. काळपट, संथ. काढणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, किती सावकाश येतंय बघा." मी विचारलं, एवढं चांगलं रक्त कुणाला देणार? त्या म्हणाल्या, "हे कुणाला देत नाहीत, काका. टाकून देतात." मांडवातल्या टाळ्या मला त्या खाटेवर ऐकू आल्या आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

रक्ताचाच दुसरा काही रोग नाही ना, याच्या तपासण्या झाल्या. तसं काही निघालं नाही. मग मला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या तरुण होत्या, आमच्या सासरी गेलेल्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मानेला टेप लावली, आणि खुर्ची फिरवून मंदाकडे तोंड करून बसल्या. अकरा वर्षांत तिला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

"झोपेत यांचा श्वास थांबतो का?"

"थांबतो."

"किती वेळ?"

"पस्तीस मोजते. मग कोपर मारते."

मॅडमचा पेन थांबला. "रोज मोजता?"

"रोज. मोजलं न्हाई तर कसं कळनार, कवा मारायचं ते?"

मी मंदाकडे बघत राहिलो. मला वाटायचं, ती झोपेत लाथा-बुक्क्या मारते. त्यावरून मी तिला चारचौघांत चिडवलेलंही होतं.

मॅडमनी आठ दिवसांनी झोपेच्या तपासणीला यायला सांगितलं आणि तोपर्यंत टेम्पो चालवायचा नाही, अशी तंबी दिली. घरी जमलं तर घोरण्याचा आवाज फोनमध्ये घेऊन या, म्हणाल्या. मंदाने माझ्याच फोनमध्ये घेतला. मी तो काही ऐकला नाही.

तपासणीच्या वेळी डोक्याला, छातीला, बोटाला वायरी चिकटवल्या. मंदाला बाहेरच्या बाकावर बसवलं. मी झोपलो. एवढंच मी सांगू शकतो.

सकाळी मॅडमनी कागद समोर ठेवला. ऑक्सिजनची रेघ होती. सरळ जायला हवी, ती करवतीच्या दातांसारखी वरखाली. नव्वदच्या वर राहायला हवा तो आकडा साठाच्या घरात जाऊन येत होता, आणि तासाला पन्नासच्या वर वेळा. घसा सैल पडायचा, माझीच जाडजूड मान माझ्याच नळीवर बसायची, हवा बंद.

"सगळ्यात लांब श्वास थांबला तो एक्केचाळीस सेकंद," मॅडम म्हणाल्या.

मंदा पटकन बोलली, "घरी म्या पस्तिसाच्या पुढं कधी जाऊ दिलं न्हाई."

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मी लग्नानंतर तिला दवाखान्यात रडताना पाहिलं नव्हतं, बाळंतपणातसुद्धा नाही. मॅडमनी तिला पाणी दिलं.

टँकरचा अर्ज

मग मी विचारलं, दम थांबतो घशात, तर रक्त का वाढलं? मॅडमनी सांगितलं ते मी जमेल तसं सांगतो.

आपल्या अंगातल्या पेशींना हवा कमी पडली की ते त्यांचं त्यांना कळतं. पेशी एक प्रथिन सतत तयार करत असते. 'ऑक्सिजन कमी पडलाय' असा तो निरोप. पण ऑक्सिजन मिळतोय तोवर पेशी ते प्रथिन लगेच मोडूनही टाकते, म्हणून निरोप पुढे जातच नाही. ऑक्सिजन कमी झाला की मोडायचं काम थांबतं. प्रथिन साठतं, पेशीच्या गाभ्यात शिरतं आणि हुकूम सोडतं. मूत्रपिंडातल्या काही पेशींच्या हुकमावरून हाडांच्या आतल्या मगजात जास्त रक्त तयार व्हायला लागतं.

मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

मंदा पुढे सरकली. ती पाच वर्षं ग्रामपंचायतीची सदस्य होती आणि दुष्काळात गावच्या टँकरचं सगळं तीच बघायची. "म्हंजे टँकरच्या अर्जावानी का, मॅडम? आमी अर्ज रोज लिहूनच ठिवायचो. नळाला पानी आलं की फाडायचा. ज्या दिशी पानी न्हाई, त्या दिशी फाडायचा न्हाई. तो तालुक्याला जायचा, अन टँकर सुरू."

मॅडम हसल्या. "अगदी असंच. मी आता सगळ्यांना असंच सांगेन."

"पन ह्यांचं काय झालंय, टँकर वाढवत गेले, अन विहिरीलाच पानी न्हाई. रस्त्यावं नुसती टँकरची दाटी."

"आणि ती दाटी मेंदूच्या बारीक नळीत झाली, म्हणून यांचा हात गेला होता," मॅडम म्हणाल्या. "थोडक्यात परत आला."

मला त्या पेशींचा राग आला होता, तोही मॅडमनी घालवला. पेशींचं काही चुकलं नाही, म्हणाल्या, त्यांनी जीव वाचवायला जे करतात ते केलं, रोज, न चुकता. दुरुस्ती करायची ती वर, घशात. घसा उघडा राहिला की ऑक्सिजन येईल, अर्ज आपोआप फाटतील, रक्त आपल्या जागेवर येईल.

सोंड

दुरुस्ती म्हणजे एक मशीन. उशाशी ठेवायचं, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. मशीन हवा दाबाने आत सोडतं आणि घसा मिटू देत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही. सोपं वाटलं.

पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मास्क ओरबाडून काढला. हवा तोंडावर येते आणि तरी गुदमरतो आपण, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं. तिसऱ्या दिवशी बबनने मला तसं बघितलं आणि म्हणाला, "आन्ना, गनपती गेले अन सोंड तुला ठिवून गेले." झालं. मी मशीन खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. जाहीर केलं की वजन कमी करीन, जोर मारीन, पण तोंडाला असलं काही बांधणार नाही.

ज्यांच्या घरात हे मशीन आत्ता माळ्यावर पडलेलं असेल, त्यांनी इथे लाजायचं कारण नाही. मीही तिथूनच आलोय.

मंदा चार दिवस पुन्हा मोजत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली. तिचं माहेर खर्डा.

"मी जाते. मला आता मोजायचं न्हाई."

"किती दिवस?"

"तुमच्या फोनात हाय ते ऐका. ऐकल्याबिगर मला आनायला येऊ नका."

"अगं पण मी झोपलो अन काही झालं तर?"

ती उंबऱ्यात थांबली. "अकरा वरसं मलाबी ह्येच वाटतंय," एवढं बोलून ती गेली.

मी चिडलो. बबनला, शेजारच्या आक्काला, जो भेटेल त्याला सांगितलं की बायका अशाच असतात, माणूस आजारी पडला की माहेर आठवतं. आक्का सत्तरीची, आमच्या आईच्या जागी. ती म्हणाली, "पैलवान, तिच्या डोळ्याखाली बगितलंस का कधी? मी बगते रोज." एवढं बोलून ती शेण भरायला लागली.

फोनमधला आवाज

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली बाजेवर बसून मी तो आवाज लावला. लख्ख ऊन होतं, गाया रवंथ करत होत्या.

आधी घोरणं. मला हसूच आलं, टेम्पो चढाला लागल्यासारखं. मग ते एकदम तुटलं. शांत. मला वाटलं, फोन बंद पडला. पडद्यावर बघितलं तर आकडे पुढे सरकत होते. आणि त्या शांततेत अगदी हळू, फोनच्या जवळ, मंदाचा आवाज आला.

"...नऊ, धा, अकरा, बारा..."

मी फोन कानाला लावला.

"...एकवीस, बावीस..." तिचा आवाज कुजबुजल्यासारखा, पण सरळ, सवयीचा. तिशीच्या पुढे तो बदलला. घाई आली. "...बत्तीस, तेहतीस, चवतीस... अहो! अहो!" मग धप्प आवाज, आणि एक मोठा घुसमटलेला श्वास. माझा. पाण्यात बुडलेला माणूस वर आल्यासारखा. त्यानंतर तिचं, "व्हय... व्हय... घ्या," असं गायीला चुचकारावं तसं. आणि पुन्हा घोरणं.

मी पुढे ऐकलं. पुन्हा शांत. पुन्हा "एक, दोन, तीन..."

चौतीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग होतं. मी सगळं ऐकलं. किती वेळा तिने मोजलं ते मी लिहिणार नाही, मला मोजवलं नाही. मी बाजेवर बसून भर दुपारी रडलो, आणि गायांशिवाय तिथे कुणी नव्हतं म्हणून मोकळेपणाने रडलो. माझ्या आत मूत्रपिंडातल्या पेशी अर्ज धाडत होत्या आणि बाहेर ही कोपर मारत होती. दोघींनी मला अकरा वर्षं जगवलं, आणि शाल मी पांघरली.

माळ्यावरून खोकं काढलं.

दहाचे वीस

तालमीत वस्ताद पहिल्या दिवशी शंभर जोर मारायला लावत नाही. दहा लावतो. मी तसंच केलं. भर दिवसा, खुर्चीत ताठ बसून, जागेपणी मास्क लावला. दहा मिनिटं. संध्याकाळी पुन्हा दहा. दुसऱ्या दिवशी वीस. नगरला मॅडमना फोन केला, त्यांनी मास्क एक माप मोठा घ्यायला सांगितला आणि हवेचा दाब हळूहळू चढवणारं बटण कुठलं ते सांगितलं. आधीच विचारलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. बबन आला, मला बघून तोंड उघडलं, आणि मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो बादली घेऊन धारेला गेला.

सहाव्या दिवशी मी मास्क लावून झोपलो, आणि जाग आली ती सकाळी. काय झालंय ते आधी कळेना. खाटेवर पडून मी काहीतरी शोधत होतो. मग लक्षात आलं, डोकं दुखत नव्हतं. इतक्या वर्षांत ते न दुखता उठल्याचं आठवत नव्हतं. बाहेर आलो तर लिंब हिरवागार दिसला. तो आधीही हिरवाच असणार.

त्याच सकाळी एसटीने खर्ड्याला गेलो. मंदा अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी म्हणालो, "ऐकलं. सगळं ऐकलं."

तिने वर बघितलं.  "डोळे उघडल्यावानी दिसत्यात तुमचे," म्हणाली, आणि सुपातल्या शेंगा तशाच आईपुढे सारून पिशवी आणायला उठली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, च्या तरी पिऊ दे त्येला."

आकडे

तीन महिन्यांनी मॅडमनी मशीनमधली नोंद वाचली. तासाला पन्नासवरून तीनवर. ऑक्सिजनची रेघ सपाट. मॅडमनी टेम्पो चालवायला परवानगी दिली, तेव्हा मी दवाखान्याच्या आवारातच टेम्पोला नमस्कार केला. खुराक निम्म्यावर आणला, वजन अकरा किलो उतरलं. रक्त सतरा, मग सोळा, मग पावणेसोळा. दुसरी पिशवी काढायची वेळच आली नाही. अर्ज फाटायला लागले होते.

या वर्षी गणपतीत पुन्हा शिबिर झालं. बबनने माईकवर माझं नाव घेतलं, आणि मी त्याच्या हातातून माईकच घेतला. म्हणालो, "मागच्या वर्षी तुम्ही माझा सत्कार केला, तो आजाराचा होता. शाल चुकीच्या खांद्यावर पडली." घरून आणलेली तीच शाल मी मंदाच्या खांद्यावर घातली. ती म्हणाली, "लोकं बघत्यात, येड्यावानी करू नका," पण शाल काढली नाही. मग मी सगळं सांगितलं. आणि बायाबापड्यांना विचारलं, तुमचा माणूस झोपेत घोरता घोरता थांबतो का? पुरुषांना विचारून उपयोग नसतो, त्यांनी पाहिलेलंच नसतं. आधी सगळ्या हसल्या. मग एक उठली, मग आणखी दोघी. मांडव उतरेपर्यंत नऊजणींनी नगरच्या दवाखान्याचा पत्ता घेतला. त्यातल्या एकीने कुजबुजून विचारलं, "तुमची मंडळी पस्तीस मोजायची म्हनं. मी तीसच मोजते, चालंल का?" मी म्हणालो, मोजत बसू नका, उद्याच घेऊन जा.

मंदाची झोप

एक गोष्ट मात्र मशीनने लगेच बरी केली नव्हती.

माझं घोरणं थांबलं, दम थांबणं थांबलं, पण मंदाला झोप येईना. अकरा वर्षं शांतता म्हणजे धोका, हे तिच्या अंगात भिनलं होतं. आता घरात सगळी शांतताच. ती दचकून उठायची, माझ्या छातीवर हात ठेवायची, छाती वरखाली होतेय ना बघायची, मग आडवी व्हायची. मी बरा झालो होतो, आणि ती अजून पहाऱ्यावरच होती. मी कितीदा म्हणालो, आता तू झोप. ती म्हणायची, "मला कळतंय हो. अंगाला कळत न्हाई." मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, वेळ द्या, त्यांच्या शरीरालाही खात्री पटायला हवी.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. सकाळची फेरी संपवून मी टेम्पो घेऊन वस्तीवर आलो. दहा वाजून गेले होते. आमच्या घरी मी बाहेर पडलो की पाचला चूल पेटते. त्या दिवशी धूर नव्हता. गोठ्यात गाया हंबरत होत्या, धार काढलेली नव्हती.  चपला न काढताच आत गेलो.

मंदा खाटेवर कुशीवर झोपली होती. तोंड अर्धं उघडं, एक हात खाटेखाली लोंबत, ती शाल पायात गुंडाळलेली. खिडकीतून ऊन थेट तोंडावर आलं होतं, तरी तिला पत्ता नव्हता. मी जवळ गेलो, आणि का कोण जाणे, मोजायला लागलो. एक, दोन... तिने श्वास घेतला. पुन्हा एक, दोन, तीन... घेतला. पुन्हा. किती तरी वेळ उभा राहून मोजलं. तीनच्या पुढे एकदाही गेलो नाही.

मग बादली घेऊन मी गोठ्यात आलो. कुंपणापलीकडून आक्काने हाक मारली. "पैलवान, आज धारंला तू कसा? मंदी आजारी हाय का?"

"न्हाई, आक्का," मी म्हणालो. "झोपलीय."